हळद, दारुहळद, ज्येष्ठमध: आतड्याच्या भिंतीपलीकडे नेमकं किती जातं?

पंचगंगाकाठची (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९.४०

इथल्या गुळवेलीच्या धाग्यावर मी मध्येच "पण तो घटक रक्तात पोचतो का?" असं विचारलं होतं. "पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलंच की" असं उत्तर आलं आणि चर्चा काढ्याच्या चवीकडे वळली. तो प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून हा वेगळा धागा. कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मी पीएच.डी. करते. वनौषधींमधले घटक आतड्यातून शोषले जातात का, हे तपासायचं, एवढाच माझा विषय.

गिळलेला घटक आतड्याच्या पोकळीत असतो तोवर शरीराच्या हिशेबी बाहेरच असतो. आधी तो विरघळायला हवा. मग आतड्याच्या अस्तराचा थर त्याला ओलांडावा लागतो. हा थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो, पण त्या पेशींमध्येच घटकाचं रूप पालटणारी विकरं बसलेली असतात. त्यांच्यापुढे यकृत. एवढ्यातून उरेल ते रक्ताभिसरणात. वनस्पतींच्या बऱ्याच घटकांची गळती सुरुवातीच्या दोन-तीन पायऱ्यांवरच होते. "अमुक पाल्याचा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो" या बातम्यांमध्ये अर्क बशीतल्या पेशींवर थेट ओतलेला असतो, तिथे या पायऱ्या नसतातच.

हे तपासायला माणसाचं आतडं कुठून आणणार? म्हणून काको-टू पेशी. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत यॉर्गेन फोग यांनी एका रुग्णाच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीपासून ही पेशींची वाण तयार केली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी, पण दाटीवाटीने वाढून एकसंध थर झाला आणि तो तसाच ठेवला की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागू लागतात. वरच्या अंगाला सूक्ष्मांकुर येतात, शेजारच्या पेशींमध्ये घट्ट सांधे तयार होतात, पचनाची काही विकरंही दिसतात. १९८९ साली हिडाल्गो, राउब आणि बोरकार्ट यांनी हे व्यवस्थित दाखवलं आणि औषध कंपन्यांनी ही पद्धत उचलून धरली. आपल्याकडे या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळतात.

काम असं चालतं. ट्रान्सवेल नावाचे छोटे कप येतात, त्यांच्या तळाला ०.४ मायक्रॉन छिद्रांचा पडदा असतो. पडद्यावर पेशी पेरायच्या आणि ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये २१ दिवस सांभाळायच्या. दिवसाआड मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बदलायचा. गणपती असोत की दसरा, त्या दिवशी कॉलेजात जावंच लागतं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागली की बाकी लोक पेट्रोलच्या रांगेत उभे राहतात, आम्ही जनरेटरच्या डिझेलची चौकशी करतो. इन्क्युबेटर थंड पडला तर तीन आठवडे वाया.

थर नीट जमला का, हे दोन प्रकारे बघतात. वर-खाली इलेक्ट्रोड बुडवून विजेचा रोध मोजायचा. ३०० ओहम-चौरस सेंटिमीटरच्या खालचा कप आम्ही बाद करतो. दुसरं, लुसिफर यलो हा चमकणारा रंग वर टाकायचा. तो पेशींच्या आतून जात नाही, तेव्हा खाली दिसला तर थराला भोक आहे. त्यानंतर खरी चाचणी: घटक वरच्या कप्प्यात, म्हणजे आतड्याच्या पोकळीच्या बाजूला ठेवायचा आणि ३०, ६०, ९०, १२० मिनिटांनी खालच्या, म्हणजे रक्ताच्या बाजूच्या कप्प्यातून नमुने काढून एचपीएलसी किंवा एलसी-एमएस या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रांवर मोजायचे. त्यावरून पारगम्यता, म्हणजे थर ओलांडण्याचा वेग, निघते. १९९१ साली स्वीडनच्या आर्टुरसन आणि कार्लसन यांनी ताडून पाहिलं की, सेकंदाला सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त वेगाने जाणारी औषधं माणसात जवळपास पूर्ण शोषली जातात. त्याच्या दहाव्या भागाहून मंद असतील तर एक टक्काही नाही. हे उंबरठे लॅबगणिक बदलतात, त्यामुळे प्रत्येक वेळी प्रोप्रॅनोलॉल हे सहज जाणारं आणि अ‍ॅटेनोलॉल हे अडखळणारं औषध सोबत लावावंच लागतं.

मग तोच प्रयोग उलटा करायचा, घटक खाली ठेवून वर किती येतो ते बघायचं. दारुहळदीतलं बर्बेरीन लावलं की वरून खाली जेमतेम जातं, खालून वर मात्र भरपूर येतं. कारण पेशीच्या वरच्या पडद्यात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन असतं आणि आत शिरलेले परके रेणू ते पुन्हा पोकळीत ढकलून देतं. उलटा प्रवास सुलट्याच्या दुपटीहून जास्त भरला तर या प्रथिनावर संशय घ्यायचा. व्हेरापामिल घालून ते दाबलं आणि फरक कमी झाला तर संशय पक्का. हे प्रथिन १९७६ साली जुलियानो आणि लिंग यांना सापडलं, तेही कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या पेशींमध्ये. कोल्चिसिन आपल्या कळलावीत असतं, श्रावणात आंब्याच्या घाटात कुंपणांवर फुललेली दिसते तीच. विषारी आहे, फोटो काढा आणि पुढे चला.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देईन, उद्या मीडिया बदलायचा दिवस आहे.

रांगडा_गडी | सोमवार, रात्री १०.०५

ताई, लई भारी लिवलंय. म्हंजे आतड्यातबी टोलनाका हाय म्हणा की! कोल्हापूरकरांनी रस्त्यावरचा घालवला, ह्यो अजून तसाच उभा.

आमची हळद हाय शिरोळ तालुक्यात, म्हणून इचारतोय. हळदीत मिरी टाकली की ईसपट लागू पडती असं व्हाट्सअ‍ॅपवर फिरायलंय. खरं का थापा?

पंचगंगाकाठची | सोमवार, रात्री १०.३०

@रांगडा_गडी, आकडा खरा आहे, तो कुठून आला ते सांगते. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातला अभ्यास आहे. माणसांना २ ग्रॅम कुरकुमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, एकदा नुसतं दिलं आणि एकदा २० मिलिग्रॅम पिपेरिनबरोबर. पिपेरिन म्हणजे मिरीतला तिखट घटक. रक्तातली उपलब्धता वीसपट वाढली.

फक्त यात तुमच्या नाक्याचा हात थोडा आहे. आतड्याच्या पेशी आणि यकृत कुरकुमिनला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून लघवी-पित्ताच्या वाटेला लावतात. पिपेरिन मुख्यतः ही जोडणी मंदावतं. पी-ग्लायकोप्रोटीनलाही ते दाबतं, पण त्याचा फायदा दुसऱ्या औषधांना जास्त होतो.

शंकासुर | सोमवार, रात्री ११.१२

वीसपट कशाच्या? त्याच अभ्यासात नुसत्या कुरकुमिनने रक्तातली पातळी मोजता येणार नाही इतकी किंवा नगण्य होती. पिपेरिन दिल्यावर पाऊण तासाला शिखर आलं ते मिलिलिटरमागे ०.१८ मायक्रोग्रॅम, आणि तेही माणसागणिक प्रचंड कमी-जास्त. शून्याशेजारच्या आकड्याला वीसने गुणलं तर येणारा आकडा शून्याच्या गल्लीतच राहतो. बशीतल्या पेशींवर परिणाम दिसायला याच्या कितीतरी पट लागतं.

शिवाय कुरकुमिन हा चाचण्यांना चकवणारा रेणू म्हणून कुप्रसिद्ध आहे. २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने यावर सविस्तर लेख लिहून धुलाई केली होती. तो स्वतःच चमकतो, प्रथिनांना वाटेल तसा चिकटतो आणि बफरमध्ये विघटित होतो. धागाकर्तीने हा भाग सोयीस्करपणे गाळला, असं म्हणावं का?

(लेख चांगला आहे. भांडण वेगळं.)

पंचगंगाकाठची | मंगळवार, सकाळी ८.१५

@शंकासुर, गाळला नाही, तुमची वाट बघत होते.

विघटनाचा मुद्दा खरा आणि आमच्या कामात रोज आडवा येणारा. सीरम नसलेल्या ७.२ सामूच्या द्रावणात ३७ अंशांना अर्ध्या तासात साधारण ९० टक्के कुरकुमिन नाहीसं होतं, हे १९९७ सालीच मोजून ठेवलंय. आमची चाचणी दोन तासांची. म्हणजे खालच्या कप्प्यात कमी सापडलं तर ते थराने अडवलं, वरच विरघळून मोडलं, की प्लास्टिकला चिकटलं? म्हणून शेवटी वरचं, खालचं, पेशींमधलं आणि कपाच्या भिंतीवरून धुऊन काढलेलं असं सगळं मिळवून हिशेब लावतात. टाकलेल्या मालातला ८० टक्के तरी सापडला नाही, तर आमच्या लॅबमध्ये त्या प्रयोगातून निघालेली पारगम्यता कुणी वहीत लिहीत नाही. वनौषधींवरच्या कितीतरी शोधनिबंधांत हा हिशेब छापलेलाच नसतो. मी निबंध हातात घेतला की आधी तो शोधते. नसला तर बाकीच्या आकृत्या कितीही रंगीत असोत, मला त्यात रस राहत नाही.

वैद्य_गडहिंग्लज | मंगळवार, दुपारी १.४०

ताई, मांडणी आवडली. आता आमची बाजू.

पहिली गोष्ट, तुम्ही एक रेणू घेऊन बसता. आम्ही रुग्णाला बर्बेरीन देत नाही, दारुहळदीचा काढा देतो. हळद दुधातून किंवा तुपातून देतो. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू कितीतरी कल्पांमध्ये, म्हणजे तयार औषधांमध्ये, आधीपासून आहे. अनुपानाचा, म्हणजे औषध कशातून घ्यायचं याचा, विचार आमच्याकडे औषधाइतकाच महत्त्वाचा. तुमच्या कपात तूप कुठे आहे?

दुसरी, शोषलं गेलं नाही म्हणजे निरुपयोगी हे कुणी ठरवलं? अतिसारात मी कुडा देतो. त्याचं काम आतड्यातच आहे. इसबगोल तर मुळीच शोषला जात नाही, आणि ते बरंच आहे.

तिसरी, माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाचा अग्नी मंद आहे की तीक्ष्ण, यावर मी मात्रा ठरवतो. न्यूयॉर्कच्या एका माणसाच्या पेशी जगभर सगळ्यांच्या आतड्याच्या वतीने साक्ष देणार, हे मला जरा गमतीचं वाटतं.

औषधदुकान_राजारामपुरी | मंगळवार, दुपारी २.०२

वैद्यराजांच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. बाकी संध्याकाळी, गिऱ्हाईक आहे.

पंचगंगाकाठची | मंगळवार, रात्री ९.२०

वैद्यराज, तिन्ही मुद्दे वजनदार आहेत, पण तिन्हींना एकाच मापाने मान डोलावणार नाही.

तुपाचं बरोबर. कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, मेदात विरघळतं. पित्तक्षार आणि मेद मिळून जे सूक्ष्म कण होतात त्यांत ते बसतं आणि पेशीपर्यंत पोचतं. त्यासाठी आता युरोपात ठरलेली इन्फोजेस्ट नावाची पद्धत आहे, २०१४ साली आलेली आणि २०१९ साली सुधारलेली. काढा किंवा तुपातलं चूर्ण आधी कृत्रिम लाळेत, मग आम्ल-पेप्सिनमध्ये, मग स्वादुपिंडाची विकरं आणि पित्तात पचवायचं. जो भाग विरघळून वर येतो तोच गाळून, पातळ करून पेशींवर घालायचा. पित्तक्षार जास्त झाले तर पेशीच मरतात, त्यामुळे आधी पेशींची जिवंतपणाची चाचणी. म्हणजे कपात तूप येतं, पण पचलेलं.

अख्ख्या काढ्याचंही करतो आम्ही. फरक एवढाच की काढ्यातले वीस-तीस घटक एलसी-एमएसवर एकाच वेळी मोजायचे आणि कोणते खाली उतरले ते बघायचं. काढ्यातला घटक एकट्या शुद्ध घटकापेक्षा वेगळा वागतो, असं अनेकदा दिसतं. एकाने दुसऱ्याची वाट मोकळी केली किंवा अडवली. यात तुमच्या कल्पांना पुष्टी मिळू शकते, तशीच चपराकही. म्हणून तर चाचणी करायची.

कुड्याचं, इसबगोलाचं मान्यच. बर्बेरीनचंही तसंच आहे. तोंडावाटे घेतलेल्यातलं एक टक्क्याहून कमी रक्तात सापडतं, तरी जुलाबात ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. इथे एक मजेशीर गोष्ट. आतड्यातले जीवाणू बर्बेरीनचं डायहायड्रोबर्बेरीन करतात, ते कितीतरी सहज शोषलं जातं आणि आत गेल्यावर पुन्हा बर्बेरीन होतं. चीनमधल्या संशोधकांनी २०१५ साली हे दाखवलं. माझ्या कपात जीवाणू नाहीत. कपाने बर्बेरीनला दिलेलं "नापास" हे त्यामुळे अर्धवट उत्तर आहे.

तिसऱ्या मुद्द्याशी मात्र मी भांडणार. एका माणसाच्या पेशी सगळ्यांची साक्ष देत नाहीतच. त्या फक्त घटकांची आपापसात तुलना करू देतात. याच थरावर प्रोप्रॅनोलॉल असं वागतं, अ‍ॅटेनोलॉल तसं, आणि तुमचा घटक या दोघांमध्ये इथे. रुग्णाच्या अग्नीबद्दल बोलायला तुम्ही आहातच.

जुना_प्राध्यापक | मंगळवार, रात्री १०.४५

चर्चा रंगली आहे म्हणून लिहितो.

आमच्या वेळी असले कप नव्हते. उंदराच्या आतड्याचा तुकडा काचेच्या दांडीवर उलटा करायचा, म्हणजे अस्तर बाहेर येई. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून पिशवी करायची आणि प्राणवायू सोडलेल्या, ३७ अंशांच्या क्रेब्ज-रिंगर द्रावणात टांगायची. बाहेर औषध, आत किती आलं ते मोजायचं. विल्सन आणि वाइजमन यांची ही १९५४ची पद्धत. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिकता समितीची मंजुरी आवश्यक झाली, तेव्हापासून बऱ्याच पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या आतड्यावर काम केलं. कोल्हापुरात मटणाची ददात नाही, तेव्हा नमुना ताजा मिळे. मात्र सकाळी लवकर जाऊन, थंड द्रावणात बुडवून, तासाभरात प्रयोगाला लावायला हवा. अस्तर झपाट्याने मरतं. मेलेल्या अस्तरातून सगळंच आरपार जातं आणि विद्यार्थी खूश होतो.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने पिपेरिनचं शोषण याच उलट्या पिशव्यांवर तपासलं होतं. तिथल्याच डॉ. सी. के. अटल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस औषधांची जैवउपलब्धता वाढवणारे पदार्थ ही कल्पना त्रिकटूवरून मांडली. त्यातून पुढे क्षयरोगाची गोळी आली: रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम, सोबत १० मिलिग्रॅम पिपेरिन. वैद्यांच्या पोथीतून निघून गोळीपर्यंत पोचलेली ही ठळक वाट आहे आणि ती याच देशात झाली, हे इथे कुणी लिहिलं नव्हतं.

शंकासुर | मंगळवार, रात्री ११.०३

सर, ही माहिती अस्सल. आणखी एक जुनी गोष्ट दुरुस्त करून घेऊ या. आतड्याचं क्षेत्रफळ २०० ते ३०० चौरस मीटर असं अजून पाठ्यपुस्तकांत छापतात. २०१४ साली स्वीडिश संशोधकांनी पुन्हा मोजलं तर अख्ख्या पचनमार्गाचं मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरलं.

रांगडा_गडी | बुधवार, सकाळी ७.३०

३२ बी कमी न्हाई. आमच्या जावयाचं तर ३०० चंच असणार, परवा जेवाय बसलावता.

आजऱ्याची_माहेरवाशीण | बुधवार, सकाळी ११.१५

मी नुसतीच वाचत होते, पण आता विचारतेच. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून डिगॉक्सिन आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू आहे. पुण्याहून पुतण्याने गुडघेदुखीसाठी हळद-मिरीच्या कॅप्सूल आणल्यात. "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार" असं म्हणून मामंजी रोज घेतायत. वरचं वाचून मला धास्ती वाटायला लागली. डॉक्टरांना सांगायचं तर ते चिडतील असं यांना वाटतं.

औषधदुकान_राजारामपुरी | बुधवार, सकाळी ११.४०

वहिनी, आजच फोन करा डॉक्टरांना. कॅप्सूलची बाटली सोबत न्या, लेबलावर पिपेरिन किंवा मिरीचा अर्क किती लिहिलाय ते त्यांना दाखवा. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत कॅप्सूल थांबवा. डिगॉक्सिन आणि वॉरफरिन मात्र मनाने बंद करू नका, मात्राही बदलू नका. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, लवकर करून घ्यायला सांगतील बहुतेक. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शी, मळमळ, पिवळसर दिसणं, चक्कर यांतलं काही असेल तर फोनवर थांबू नका, थेट दवाखान्यात.

डॉक्टर चिडले तर चिडू देत. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ साली जाहीर केलं होतं: वॉरफरिनवर स्थिर असलेल्या रुग्णाने हळदीचं पूरक सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. नेहमी दोन-तीनच्या आसपास ठेवतात.

दुकानात रोजचा अनुभव आहे. लोक प्रिस्क्रिप्शन दाखवतात, पण चूर्ण, काढा, कॅप्सूल यांचं नाव काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. मी आता काउंटरवर सरळ विचारतो, "घरगुती काय काय चालू आहे?" मग एकेक बाहेर पडतं.

पंचगंगाकाठची | बुधवार, दुपारी १.०५

@आजऱ्याची_माहेरवाशीण, दुकानवाल्या दादांनी सांगितलं तसंच करा. मी फक्त कारण जोडते, म्हणजे मामंजींना पटवायला सोपं जाईल.

डिगॉक्सिन हे पी-ग्लायकोप्रोटीनचं ठरलेलं गिऱ्हाईक. त्याची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं. २००२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी याच काको-टू थरावर डिगॉक्सिन लावून दाखवलं की पिपेरिन त्याचं बाहेर ढकललं जाणं कमी करतं. पेशींवर दिसलं म्हणजे माणसात तेवढंच दिसेल असं नाही, पण मामंजींवर तो प्रयोग कशाला?

कॅप्सूल आणि फोडणीतली चिमूट यांतलं अंतरही दाखवा. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कुरकुमिनॉइड असतील तर तेवढ्यासाठी बारा-पंधरा ग्रॅम हळदपूड लागेल. एवढी हळद कुणी भाजीत घालत नाही. अमेरिकेत २०२२ साली हळदीच्या पूरकांनी यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अहवाल आला, त्यातल्या काहींच्या गोळ्यांत पिपेरिन सापडलं. शोषण वाढवायची युक्ती लागू पडली की असंही होतं. माझ्या विषयातली निम्मी मंडळी "शोषण वाढवलं" असं लिहून पेढे वाटतात, पण वाढलेलं शोषण कुणाच्या अंगावर आलं हे तपासत नाहीत.

शंकासुर | बुधवार, दुपारी १.५०

पूरक माहिती, भीती घालण्यासाठी नव्हे: मिरीत साधारण ५ ते ९ टक्के पिपेरिन असतं. म्हणजे अभ्यासातलं २० मिलिग्रॅम पिपेरिन हे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मिरीत मिळतं. जेवणातली मिरी अन्नात मिसळून हळूहळू सुटते, हा फरक आहेच. पण "स्वयंपाकघरातलं म्हणजे नगण्य" असं सरसकट म्हणता येत नाही.

रांगडा_गडी | बुधवार, दुपारी २.१०

म्हंजे पांढऱ्या रश्श्यात मिरी असतीया ती औषधीच म्हणायची! ताई, तांबड्याचं काय?

वैद्य_गडहिंग्लज | बुधवार, सायंकाळी ६.२५

माहेरवाशीण वहिनी, मी आयुर्वेदाचा असूनही दुकानवाल्यांच्याच बाजूने उभा आहे. पुतण्याने आणलेली कॅप्सूल हे आयुर्वेद नव्हे. तो एक अर्क आहे, कुणीही न तपासता दिलेला. वैद्याकडे या, चालू गोळ्यांची यादी घेऊन या. माझ्याकडे वॉरफरिनचा रुग्ण आला तर मी आधी त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करतो.

ताई, ज्येष्ठमधाचं शीर्षकात लिहिलंत आणि मजकुरात विसरलात काय?

पंचगंगाकाठची | बुधवार, रात्री ९.५०

विसरले नाही वैद्यराज, राखून ठेवलं होतं. माझ्या मते सगळ्यांत बोलकं उदाहरण तेच.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन हे ८२३ रेणुभाराचं धूड. दोन शर्करा-आम्लं लटकलेली. लिपिन्स्की यांनी १९९७ साली तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठी जे नियम सुचवले त्यात ५०० ही मर्यादा आहे. म्हणजे संगणकानेच ते पहिल्या फेरीत फेकून दिलं असतं. पॅम्पा चाचणीतही नापास. ही १९९८ सालची रोश कंपनीतली पद्धत: जाळीवर मेदाचा थर, त्यात जिवंत पेशी नाहीत, ९६ खळग्यांच्या ताटात एका रात्रीत ढीगभर घटक तपासून होतात. कपांपेक्षा खूप स्वस्त, म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी पहिली चाळण तिचीच. काको-टू थरही ग्लिसिरायझिनला फारसा थारा देत नाही.

तिन्ही चाळण्यांत नापास झालेला हा घटक माणसाने बेताबाहेर खाल्ला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं, दवाखान्यात जायची वेळ येते. कारण मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या शर्करा तोडतात आणि उरलेलं ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल, रेणुभार ४७०, आत शिरतं. सोनामुखीचं तसंच. सेनोसाइड जसेच्या तसे शोषले जात नाहीत, जीवाणूंनी तोडल्यावरच जुलाब सुरू होतो. म्हणून आम्ही हल्ली ग्लायकोसाइड, म्हणजे साखर जोडलेल्या, प्रकारचा घटक असला की मूळ रेणू आणि साखर तुटलेला रेणू, दोन्ही लावतो. खर्च दुप्पट. गाइडच्या कपाळावर आठ्या.

कपाच्या इतर उणिवा ओघात सांगून टाकते. श्लेष्माचा थर नाही, तो हवा असेल तर एचटी-२९ जातीच्या श्लेष्मा करणाऱ्या पेशी मिसळून वाढवाव्या लागतात. यकृत-आतड्यातलं औषधं मोडणारं महत्त्वाचं सीवायपी-३ए४ विकर या पेशींमध्ये अगदी कमी. आणि सांधे खऱ्या लहान आतड्यापेक्षा जास्त घट्ट, त्यामुळे पेशींच्या मधल्या फटीतून जाणाऱ्या छोट्या, पाण्यात विरघळणाऱ्या घटकांवर अन्याय होतो.

@रांगडा_गडी, तांबड्यातलं कॅप्सेसिन आत मस्त शिरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जे जाणवतं तो न शोषलेला भाग.

जुना_प्राध्यापक | बुधवार, रात्री १०.२०

नरक्या या जंगली झाडावर काही चालू आहे का तुमच्याकडे? आमच्या चंदगड-आजरा-राधानगरी पट्ट्यातून पोत्यांनी चोरून नेला गेला तो. कॅम्पटोथेसिन हा कर्करोगविरोधी घटक १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून काढलं आणि १९७२ साली गोविंदाचारी-विश्वनाथन यांनी ते आपल्या नरक्यात दाखवलं. त्याचंच टोपोटेकान हे कर्करोगाचं औषध झालं.

पंचगंगाकाठची | बुधवार, रात्री १०.५५

सर, नरक्या आम्ही हातात घेत नाही. एक तर झाडच संपत आलंय, दुसरं म्हणजे अत्यंत विषारी. टोपोटेकानचं शोषण मात्र वर्गात शिकवायला उत्तम. तोंडावाटे घेतलेल्यातलं साधारण ४० टक्केच रक्तात पोचतं, कारण पी-ग्लायकोप्रोटीनची चुलत बहीण शोभेल असं बीसीआरपी नावाचं प्रथिन ते परत ढकलतं. जंगलातली साल उकळून पिणाऱ्याला हे शोषण मोजून मिळत नाही, हे गावोगाव सांगायला हवं. नरक्याचा "कॅन्सरवरचा काढा" विकणारे अजून भेटतात.

आजऱ्याची_माहेरवाशीण | गुरुवार, दुपारी १२.३०

डॉक्टरांशी बोलणं झालं. चिडले नाहीत. कॅप्सूल बंद करायला सांगितल्या, आयएनआर आणि डिगॉक्सिनची पातळी आज तपासायला दिली. मामंजी माझ्यावर जरा नाराज आहेत, गुडघ्याला मलम आणलंय. सगळ्यांचे आभार.

रांगडा_गडी | गुरुवार, रात्री ८.४५

ताई, येक शेवटचं. आमच्या रानात सेलम हाय आन् चुलत्याच्या रानात राजापुरी. दोन्हीत कुरकुमिन किती, आन् तुमच्या कपातनं कुठली जास्त खाली उतरती, हे बघून मिळंल का? सांगली मार्केटात दर सांगताना उपयोगी पडंल. पैसं किती ते बी सांगा.

पंचगंगाकाठची | गुरुवार, रात्री ९.३०

कुरकुमिन किती ते एचपीएलसीवर नक्की करून देता येईल, हळदीत साधारण २ ते ५ टक्के असतं, तुमच्या दोन रानांत फरक सापडेलही. कपातून कुठली जास्त उतरते याला अर्थ नाही, दोन्हीतला रेणू एकच. दर ठरवताना त्याचा उपयोग करू नका आणि कुणाला करू देऊ नका.

नमुना आणताना पूड आणू नका. वाळवलेली अख्खी हळकुंडं आणा, दोन्ही रानांची वेगळ्या कागदी पिशवीत. पिशवीवर वाण, गाव आणि काढणीचा महिना लिहा. उकडून वाळवलीय की तशीच, पॉलिश केलीय की नाही, तेही लिहा. उकडण्याने आकडा हलतो. पैशाचं कॉलेजच्या कार्यालयात ठरतं, मी निरोपातून नंबर देते. सोमवारी या, त्या दिवशी मशीन मोकळं असतं.